दान आलेला जुना कंप्युटर आणि हरवलेला पासवर्ड

शाळेला, वाचनालयाला किंवा गावातल्या अभ्यासिकेला जुना कंप्युटर देणगी येतो तेव्हा मॉनिटर येतो, कीबोर्ड येतो, क्वचित प्रिंटरही येतो. पासवर्ड तेवढा येत नाही. कधी तो येतो, पण चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी ज्या सरांच्या टेबलात होती ते सर बदलून साक्रीला गेलेले असतात. खानदेशात असे कंप्युटर मी बरेच पाहिलेत. पुण्या-नाशकातल्या कंपनीतून आलेले असतात, गावच्याच कुणी मुंबईला नोकरी लागल्यावर दिलेले असतात, बँकेने वा पतसंस्थेने नवीन घेताना जुने म्हणून काढलेले असतात. दोन-तीन वर्षं कपाटावर प्लॅस्टिकखाली राहतात आणि मग एक दिवस दाखले छापायला किंवा मुलांना टायपिंग शिकवायला कुणीतरी ते खाली उतरवतं.

अशा वेळी माणूस आधी यूट्यूब उघडतो आणि 'पासवर्ड तोडायचं सॉफ्टवेअर' शोधतो. ते सगळ्यात शेवटी. त्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या: आतली माहिती कुणाची आहे आणि कुलूप नेमकं कोणत्या दाराला आहे. एवढं कळलं की अर्ध्याहून जास्त यंत्रांत पासवर्ड काढायची गरजच उरत नाही.

आत काय आहे आणि ते कुणाचं

यंत्र देणाऱ्याने वापरलं आणि थेट तुमच्याकडे आलं, तुम्ही त्यावर काहीच काम केलेलं नाही, असं असेल तर आतली माहिती देणाऱ्याची आहे. त्यात त्याच्या घरचे फोटो असतील, पॅनकार्डची स्कॅन असेल, पतसंस्थेच्या खातेदारांची यादी असेल. ती तुम्हाला बघायचीही नाही आणि जपायचीही नाही. अशा यंत्राचा पासवर्ड काढत बसू नका, यंत्र कोरं करा. कृती खाली दिली आहे.

दुसरा प्रकार वेगळा. कंप्युटर दान आला २०१४ च्या सुमारास, शाळेने तो सात-आठ वर्षं वापरला, त्यावर जनरल रजिस्टरच्या नोंदी, शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे नमुने, परीक्षेचे निकाल, स्नेहसंमेलनाचे फोटो साठले, आणि मग ज्यांना पासवर्ड माहीत होता ते निवृत्त झाले. इथे माहिती तुमची आहे आणि ती हवी आहे. इथे मेहनत घ्यायला अर्थ आहे.

कागदाचंही बघून घ्या. डेडस्टॉक रजिस्टरला (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) यंत्राची नोंद आहे का? देणगीचं पत्र आहे का? नसेल तर देणाऱ्याकडून तीन ओळींचं पत्र मागवा: अमुक सिरियल नंबरचं यंत्र आमच्या मालकीचं होतं, ते संस्थेला दिलं, त्यातली जुनी माहिती पुसायला आमची हरकत नाही. व्हॉट्सॲपवर सहीचा फोटो आला तरी सध्यापुरतं भागतं. हा सोपस्कार नुसता कागदी नाही. मालकाच्या परवानगीशिवाय कंप्युटरमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि तेच लबाडीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कुठून आला ते कुणालाच सांगता येत नाही असा लॅपटॉप समोर आला तर त्याला हात लावू नका.

आधी फोन, मग अंदाज

देणाऱ्याला फोन करणं हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि लोक नेमका तोच संकोचापोटी टाळतात. फुकट दिलेल्या वस्तूबद्दल पुन्हा त्रास कसा द्यायचा, असं वाटतं. देऊन टाका. "दादा, तुम्ही देयेल कंप्युटरना पासवर्ड काय शे?" एवढं अहिराणीत विचारलं की समोरचा बहुधा हसतो आणि सांगतो. त्याला आठवत नसेल तर तीन गोष्टी मात्र विचाराच: कंप्युटर घरचा होता की ऑफिसचा, लॉगिनला ईमेल लागायचा का, आणि चालू करताना काळ्या पडद्यावर आणखी एखादा पासवर्ड टाकावा लागायचा का. ही तीन उत्तरं पुढचं निम्मं काम करतात.

आता अंदाज. आपल्याकडच्या संस्थांचे पासवर्ड फार कल्पक नसतात. शाळेचा ११ अंकी यू-डायस नंबर, एसटीडी कोडसकट ऑफिसचा फोन (जळगावचा ०२५७, धुळ्याचा ०२५६२, नंदुरबारचा ०२५६४), मुख्याध्यापकांच्या गाडीचा एमएच १९ किंवा एमएच १८ ने सुरू होणारा नंबर, संस्थेचं स्थापना वर्ष, गावाचं नाव आणि पुढे १२३, किंवा 'ॲडमिन' आणि पुढे ॲट द रेट १२३. मॉनिटरच्या मागे, कीबोर्डच्या पोटाशी, सीपीयूच्या बाजूला आणि प्रिंटरच्या झाकणाखाली चिकटवलेल्या चिठ्ठ्या बघा. जुन्या वहीच्या शेवटच्या पानावरही बघा, तिथे पासवर्ड सापडण्याचं प्रमाण थक्क करणारं आहे.

पासवर्ड बरोबर असून घेत नाही, असंही होतं. कॅप्सलॉक सगळे बघतात, नमलॉक कुणी बघत नाही. जुन्या लॅपटॉपवर नमलॉक चालू असलं की जे, के, एल या अक्षरांऐवजी १, २, ३ उमटतात. डेस्कटॉपवर ते बंद असलं की उजवीकडचे अंक उमटतच नाहीत. धुळीने अडकलेली कळ हा आणखी एक खोडसाळ प्रकार, त्यामुळे एकदा दुसरा कीबोर्ड लावून बघा. आणि ज्या कंप्युटरवर मराठी टायपिंग होत होतं तिथे लॉगिनच्या पडद्यावर भाषा बदललेली असू शकते. कोपऱ्यात भाषेची खूण दिसते. ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून ती इंग्रजीवर आणा. पासवर्डच्या चौकटीत ठिपकेच दिसतात, तेव्हा हे लक्षात येत नाही. विंडोजच्या पडद्यावर वापरकर्त्याचं नाव टाइप करायची जागा असेल तर तिथे पासवर्ड टाइप करून बघा, काय उमटतं ते डोळ्यांना दिसेल. बघून झाल्यावर पुसा.

कुलूप कोणत्या दाराला आहे

यंत्र बंद करा, पुन्हा चालू करा आणि पडद्यावर काय कोणत्या क्रमाने येतं ते बघा. मोबाइलने व्हिडिओ काढला तर उत्तम, कारण काही पाट्या सेकंदभरच दिसतात.

कंपनीचं चिन्ह दिसायच्या आत किंवा लगेच नंतर, काळ्या वा निळ्या पडद्यावर पासवर्ड मागितला तर तो बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी यंत्र जागं करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमचा. त्याचा विंडोजशी संबंध नाही. हार्डडिस्क काढून ठेवली तरी तो येणारच. त्याच टप्प्यावर 'हार्डडिस्क पासवर्ड' असे शब्द असतील तर कुलूप खुद्द डिस्कला आहे, आणि ती डिस्क दुसऱ्या यंत्राला लावूनही उघडत नाही. निळ्या पडद्यावर 'बिटलॉकर' लिहून लांबलचक नंबर मागितला तर डिस्कवरची माहिती सांकेतिक स्वरूपात साठवलेली आहे. विंडोजचं चित्र येऊन वापरकर्त्याचं नाव दिसलं आणि खाली चौकट आली तर तो साधा विंडोजचा पासवर्ड. नावाखाली ईमेलचा पत्ता असेल तर मायक्रोसॉफ्टचं खातं, आणि कंपनीचं नाव असेल तर ऑफिसच्या नेटवर्कचं खातं.

बायोसचा पासवर्ड : डेस्कटॉप

डेस्कटॉपचा बायोस पासवर्ड घालवणं सोपं, पण हात जपून. वीज बंद करून केबल मागून काढा. मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाईल. बाजूचं पॅनल उघडा. आमच्याकडे जिनिंगच्या गावांत या पॅनलच्या आत कापसाच्या तंतूंचा आणि धुळीचा असा थर निघतो की आधी ब्रश आणि ब्लोअर घ्यावा लागतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते उलटं गरगर फिरून खराब होतं. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा, अंगातली स्थिर वीज जाते.

मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल दिसेल. त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, तो ३ व्होल्टचा. बाजूची छोटी पट्टी नखाने किंवा प्लॅस्टिकच्या काडीने मागे ढकला, सेल आपोआप वर उचलला जातो. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका, खालचा सॉकेट तुटतो. दहा-पंधरा मिनिटं सेल बाहेर ठेवा, मग नवाच बसवा. घड्याळवाल्याकडेही तो किरकोळ किमतीत मिळतो. 'अधिक' अशी खूण असलेली बाजू वर.

तरीही पासवर्ड राहिला तर बोर्डवरचा जंपर. दोन किंवा तीन पिना, त्यावर प्लॅस्टिकची छोटी टोपी आणि शेजारी बारीक अक्षरांत 'क्लिअर सीमॉस' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं. तीन पिनांच्या बोर्डवर टोपी पहिल्या-दुसऱ्या पिनेवरून काढून दुसऱ्या-तिसऱ्या पिनेवर दहा सेकंद ठेवा आणि परत मूळ जागी आणा. हे वीज काढलेल्या अवस्थेत. डेलच्या ऑप्टिप्लेक्स डेस्कटॉपवर पासवर्डसाठी स्वतंत्र जंपर असतो आणि त्याच्याजवळ पी-एस-डब्ल्यू-डी ही अक्षरं छापलेली असतात. तिथे नुसता सेल काढून भागत नाही, टोपी काढून एकदा यंत्र चालू करावं लागतं.

हे झाल्यावर यंत्र चालू केलं की सेटिंग मूळ पदावर गेल्याची सूचना येईल आणि एफ१ दाबायला सांगितलं जाईल. बायोसमध्ये जाऊन दोन गोष्टी बघा. एक, तारीख. ती मागच्या कुठल्यातरी वर्षाला जाऊन बसलेली असते, आणि तारीख चुकीची असली की ब्राउझर एकही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही. इंटरनेट बिघडलं असं समजून लोक राउटर बदलतात, दोष तारखेचा असतो. दोन, 'साटा मोड', म्हणजे बोर्डने डिस्कशी बोलायची पद्धत. तो आधी आयडीई होता आणि आता एएचसीआय झाला, किंवा उलट झालं, तर विंडोज चालू होताना निळा पडदा टाकून पुन्हा-पुन्हा बंद पडतं. पुन्हा बायोसमध्ये जाऊन मोड बदला, चालू होईल.

बायोसचा पासवर्ड : लॅपटॉप

इथे सेल काढून उपयोग होत नाही. बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये लिहिलेला असतो, वीज गेली तरी तो जात नाही. लॅपटॉप उघडून सेल शोधण्यात स्क्रू हरवतात, एवढंच होतं. देणाऱ्याचं खरेदीचं बिल किंवा पत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. मालकी पटली तर काही कंपन्या त्या यंत्रापुरता मास्टर पासवर्ड देतात. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी चिप नव्याने प्रोग्रॅम करून देणारे कारागीर मिळतात, पण आधी दर विचारा. दहा-बारा वर्षं जुन्या लॅपटॉपवर त्याच्या किमतीहून जास्त खर्च करायचा की नाही, हे व्यवस्थापन समितीने ठरवावं. माझं विचाराल तर करू नये.

विंडोजचा पासवर्ड, माहिती हवी असताना

पहिलं काम पासवर्ड काढणं नव्हे, माहिती बाहेर काढणं. विंडोजचा साधा पासवर्ड दाराला असतो, फायलींना नसतो. पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालू केली की डिस्कवरच्या फायली समोर दिसतात.

यासाठी लागेल: ८ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह, माहिती उतरवायला दुसरा पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क, आणि चालू असलेला एक दुसरा कंप्युटर. गावातल्या एमएस-सीआयटी सेंटरवर विनंती केली तर कुणी नाही म्हणत नाही.

त्या दुसऱ्या कंप्युटरवर लिनक्स मिंट या (विंडोजऐवजी चालणाऱ्या) फुकट सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती त्यांच्या मूळ संकेतस्थळावरून उतरवा, दोन-तीन जीबीची फाइल आहे. रूफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, पेनड्राइव्ह निवडा, उतरवलेली फाइल निवडा आणि 'स्टार्ट' दाबा. पेनड्राइव्हवर असलेलं सगळं पुसलं जातं, हे लक्षात असू द्या. यंत्र २०१२ च्या आधीचं असेल तर रूफसमध्ये डिस्कच्या मांडणीसाठी 'एमबीआर' ही जुनी पद्धत निवडा.

पेनड्राइव्ह जुन्या यंत्राला मागच्या बाजूच्या काळ्या यूएसबीला लावा. निळ्या पोर्टवरून काही जुने बोर्ड बूट होत नाहीत. आता यंत्र चालू करताच बूट मेनूची (यंत्र कुठून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीची) कळ टपटप दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९ किंवा एस्केप, असूसच्या लॅपटॉपला एस्केप आणि असूसच्या बोर्डला एफ८. एसरला एफ१२ चालतं, पण बऱ्याचदा ते आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. देणगीत कधी विप्रोचा जुना डेस्कटॉपही येतो (विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये आपल्या अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली, हे त्या डब्याकडे बघून मुलांना सांगायला हरकत नाही). अशा बोर्डवर एफ८, एफ११, एफ१२ क्रमाने दाबून बघावं.

मेनूत पेनड्राइव्हचं नाव दिसेल, ते निवडा. मिंट सुरू झालं की 'इन्स्टॉल'वर बोट जाऊ देऊ नका. फाइल मॅनेजर उघडा, डाव्या बाजूला हार्डडिस्क दिसते, तिच्यावर क्लिक करा. विंडोज ७ आणि पुढे असेल तर 'यूजर्स' फोल्डर, एक्सपी असेल तर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'. त्यात ज्याच्या नावाचं खातं आहे ते फोल्डर, आणि आत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स. सगळं उचलून बाहेरच्या डिस्कवर टाका. डी आणि ई ड्राइव्हही बघा. आपल्याकडे दाखल्यांची फाइल बहुधा डीमध्येच असते, तीही 'न्यू फोल्डर २' मध्ये.

आणखी एक फोल्डर घ्यायचं, जे जवळजवळ सगळे विसरतात: विंडोजच्या आतलं 'फॉन्ट्स'. जुने दाखले, ठराव, नोटिसा बहुतेक कृतीदेव, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. ते युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखेच दिसणारे, नाहीत. फायली वाचवल्या आणि फॉन्ट गेले, तर 'मुख्याध्यापक' या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फॉन्ट बरोबर असले की नव्या यंत्रावर ते टाकून फाइल उघडली की मजकूर जसाच्या तसा दिसतो.

डिस्क उघडत नाही, किंवा फक्त वाचता येते अशी सूचना आली, तर बहुधा विंडोज पूर्ण बंद झालेलं नसून झोपलेलं आहे. विंडोज ८ आणि १० मध्ये हे सर्रास होतं. पेनड्राइव्ह काढा, विंडोजच्या लॉगिन पडद्यापर्यंत जा, खालच्या कोपऱ्यातल्या वीजबटणाच्या खुणेवरून 'रीस्टार्ट' करा ('शटडाउन' नव्हे), आणि यंत्र परत सुरू होत असताना बूट मेनूत शिरा.

माहिती हाती आली की पासवर्डकडे वळा. कित्येकांचं काम इथेच संपतं, कारण फायली मिळाल्यावर यंत्र कोरं करणंच बरं पडतं. पण त्या यंत्रावर एखादं जुनं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल, ज्याची सीडी आता मिळत नाही, तर आहे तेच विंडोज उघडायला हवं.

एक्सपी असेल तर नाव आणि चित्र दिसणाऱ्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट हे त्रिकूट लागोपाठ दोनदा दाबा. जुन्या पद्धतीची चौकट येईल. नावाच्या जागी इंग्रजीत 'ॲडमिनिस्ट्रेटर' लिहा, पासवर्ड रिकामा ठेवा, एंटर. एक्सपी बसवणाऱ्याने हे खातं बहुतेक वेळा कोरंच सोडलेलं असतं. एक्सपीच्या होम आवृत्तीत हेच एफ८ दाबून सेफ मोडमध्ये जाऊन करावं लागतं. आत गेल्यावर कंट्रोल पॅनलमधून दुसऱ्या खात्याचा पासवर्ड बदला.

विंडोज १० वर साधं खातं असेल तर एकदा चुकीचा पासवर्ड टाका. खाली 'रीसेट पासवर्ड' आलं तर खातं उघडताना तीन प्रश्न भरलेले आहेत. पहिली शाळा कोणती, पाळीव प्राण्याचं नाव काय, असे. २०१८ च्या एप्रिलमधल्या आवृत्तीपासून ही सोय आहे. निवृत्त सरांना फोन लावून उत्तरं विचारा. पासवर्ड विसरणारा माणूस आपल्या पहिल्या शाळेचं नाव विसरत नाही.

हे काहीच नसेल तर हिरेन्स बूटसीडी पीई, ही पेनड्राइव्हवरून चालणारी दुरुस्तीची साधनपेटी. हीही फाइल मूळ संकेतस्थळावरून घेऊन रूफसने पेनड्राइव्हवर टाका आणि वरच्याच पद्धतीने बूट करा. रॅम ४ जीबी असली तर निवांत चालतं. विंडोजसारखा डेस्कटॉप येईल. स्टार्ट मेनूत सिक्युरिटी, त्यात पासवर्ड्स, त्यात 'एनटी पासवर्ड एडिट'. ते उघडलं की विंडोजमधल्या एका फाइलचा पत्ता दाखवतं. त्या फाइलचं नाव सॅम, आणि ती विंडोज, सिस्टिम३२, कॉन्फिग या फोल्डरांच्या पोटात असते. पत्त्यातला ड्राइव्ह तुमच्या विंडोजचाच आहे ना ते तपासा, कारण पेनड्राइव्हवरून चालू केल्यावर अक्षरं इकडची तिकडे होतात. 'ओपन' दाबा, खात्यांची यादी येईल. आपलं खातं निवडा, 'चेंज पासवर्ड' दाबा, दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवून ओके, मग 'सेव्ह चेंजेस'. पेनड्राइव्ह काढा, यंत्र पुन्हा चालू करा, पासवर्ड न विचारता आत जाल.

दोन इशारे. या पद्धतीने पासवर्ड काढला की ब्राउझरमध्ये साठवलेले जुने पासवर्ड जातात, आणि विंडोजच्याच सोयीने एखादी फाइल कुलूपबंद केली असेल तर ती कायमची जाते. तशी कुलूपबंद फाइल मूळ पासवर्डशिवाय बाहेर काढूनही उघडत नाही, बाकीची माहिती मात्र आधी बाहेर काढून ठेवायची. आणि 'क्रॅक', 'हॅक' अशी नावं असलेली साधनं कुठल्याही अनोळखी लिंकवरून घेऊ नका. त्यातली बरीचशी व्हायरस घेऊनच येतात, आणि तो पेनड्राइव्ह पुढे ऑफिसच्या पगारबिलाच्या कंप्युटरलाही लागतो.

जिथे थांबायचं

नावाखाली ईमेल असेल तर वरची युक्ती चालत नाही. ज्याचं मायक्रोसॉफ्ट खातं आहे त्याने स्वतःच्या मोबाइलवरून पासवर्ड बदलायचा आणि यंत्राला इंटरनेट जोडून नव्या पासवर्डने आत जायचं. तो माणूस फोनवर असताना हे पाच मिनिटांचं काम आहे. त्याचा ओटीपी तुम्ही मागू नका, बदल त्यालाच करू द्या.

बिटलॉकरचा पडदा ४८ अंकी किल्ली मागतो. ती यंत्रात नसते. देणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, छापलेल्या कागदावर किंवा त्याच्या कंपनीच्या आयटी विभागाकडे असते. नसेल तर माहिती गेली असं समजा. कुणी 'काढून देतो' म्हणालं तर पैसे देऊ नका. यंत्र मात्र वाया गेलेलं नाही, डिस्क कोरी करून ते वापरता येतं.

कंपनीने दिलेल्या अलीकडच्या लॅपटॉपचा एक वेगळाच त्रास असतो. विंडोज नव्याने टाकलं, इंटरनेट जोडलं, आणि पडद्यावर पुन्हा कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा ईमेल मागितला. याचा अर्थ यंत्राचा नंबर अजून कंपनीच्या यादीत आहे. ते तुमच्या हातात नाही. देणाऱ्या कंपनीच्या आयटीवाल्यांनी यादीतून काढायला हवं. ॲपलच्या नव्या मॅकवर ॲक्टिव्हेशन लॉक असेल तरी तेच, मूळ मालकाने आपल्या खात्यातून यंत्र काढेपर्यंत ते नुसतं शोभेचं. म्हणून देणगी घेतानाच, देणारा समोर असताना, यंत्र चालू करून बघावं.

लिनक्सवर चालणारं यंत्र असेल तर काम त्यातल्या त्यात सोपं. चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून 'रिकव्हरी मोड', त्यात 'रूट' निवडा आणि पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी या आज्ञेपुढे खात्याचं नाव लिहून नवा पासवर्ड द्या. बदल होत नाही असं म्हणालं तर डिस्क फक्त वाचनापुरती उघडलेली आहे. रिकव्हरी मेनूत मागे जाऊन 'एफएससीके' एकदा चालवा, ती लिहिण्यासाठी उघडते, मग परत 'रूट'.

यंत्र कोरं करणं

देणाऱ्याची माहिती आत असेल तर नुसता फॉरमॅट पुरेसा नाही. साधा फॉरमॅट अनुक्रमणिका पुसतो, पानं राहतात, आणि ती परत वाचणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

विंडोज १० किंवा ११ असेल तर लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' करा. निळा मेनू येईल: 'ट्रबलशूट', मग 'रीसेट धिस पीसी', मग 'रिमूव्ह एव्हरीथिंग', आणि ड्राइव्ह पूर्ण स्वच्छ करायचा पर्याय. पासवर्ड लागत नाही, आणि लायसन्स यंत्राशी बांधलेलं असल्याने विंडोज नव्याने अधिकृत होतं. विंडोज ७ किंवा त्याआधीचं असेल तर श्रेडओएस हे डिस्क पुसायचं साधन पेनड्राइव्हवर टाकून बूट करा आणि संपूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहू द्या. पुसण्याआधी माहितीची बाहेरची डिस्क काढून घ्या, नाहीतर तीही यादीत दिसते आणि चुकून निवडली जाते. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कला दोन-तीन तास जातात. डिस्क एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी) असेल तर शून्यं लिहिण्यापेक्षा बायोसमधला 'सिक्युअर इरेज' वापरा.

हे काम लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून लावा. शाळेतल्या यूपीएसची बॅटरी बहुधा नावालाच असते. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दुपारी नको. दोन तास डिस्क फिरली की पंखा धुळीने भरलेलं यंत्र तापून मध्येच बंद पडतं. सकाळी लवकर, पॅनल उघडं ठेवून, समोर टेबलफॅन.

मग नवी सिस्टिम. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती मिळत नाही. एक्सपीची तर २०१४ मध्येच थांबली. कोअर टू ड्युओ किंवा तिसऱ्या पिढीच्या आय३ वर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. अशा यंत्रावर पायरेटेड विंडोज टाकून घेण्यापेक्षा लिनक्स बरं. रॅम ४ जीबी असेल तर लिनक्स मिंट एक्सएफसीई, २ जीबी असेल तर लुबंटू कसंबसं चालेल, त्याहून कमी असेल किंवा प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर अँटीएक्स. भारतीय भाषांसाठी सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्सही आहे. तिन्ही-चारींवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो, लिबरऑफिस असतं किंवा फुकट बसवता येतं, आणि वाचवून ठेवलेले कृतीदेवचे फॉन्टही टाकता येतात. थोडे पैसे असतील तर रॅमआधी छोटी एसएसडी घ्या. फरक चालू करताक्षणी कळतो.

नवा पासवर्ड कुणाकडे

यंत्रावर दोन खाती करा. एक ॲडमिनचं, पासवर्डसकट. दुसरं मुलांसाठी किंवा वाचकांसाठी, साधं, ज्यातून काही बसवता वा उडवता येत नाही. रोजचं काम दुसऱ्या खात्यातून. ईमेलचं खातं जोडायचं असेल तर संस्थेच्या ईमेलने, कुणा शिक्षकाच्या वैयक्तिक जीमेलने नाही, कारण बदली झाली की ते खातं त्याच्यासोबत जातं.

ॲडमिनचा पासवर्ड, बायोसचा ठेवला असेल तर तो, आणि बिटलॉकरची किल्ली असेल तर ती, कागदावर लिहून पाकिटात घाला. पाकिटावर यंत्राचा सिरियल नंबर आणि डेडस्टॉक रजिस्टरचा पान क्रमांक टाका, आणि ते कॅशबुक असतं त्याच कपाटात ठेवा. मुख्याध्यापक बदलले की चार्ज यादीत किल्ल्या, शिक्के, चेकबुक यांच्याखाली एक ओळ वाढवा: कंप्युटर पासवर्डचं पाकीट, नग एक. चार्ज घेणाऱ्याने पाकीट फोडून, लॉगिन करून बघूनच सही करायची.